मुळशीत जागा घेण्याआधी एक वर्ष गच्चीवर घालवा

रविवारी भाची आणि तिचा नवरा आले होते, दोघांचं एकच चाललेलं, मावशी आम्ही मुळशीत अकरा गुंठे बघितलेत, भाजी पिकवू, गाय पाळू, हळूहळू सगळं घरचंच. मला खरंच खूप आनंद झाला कारण हेच वेड मला दहा वर्षांपासून आहे. मी फक्त विचारलं, जागा कधी बघितलीत? म्हणाले ऑगस्टमध्ये.

ऑगस्टमध्ये मुळशी स्वर्गच असतो हो. पण तिथल्या उतारावरून पाणी धावत खाली जातं आणि जो ओढा बघून आपण हरखतो तो उन्हाळ्यात कोरडा पडलेला असू शकतो. जागा बघायची तर आत्ता, एप्रिल-मे मध्ये बघा, शेजारच्या विहिरीत डोकावा, गावातल्या बायकांना विचारा की मे महिन्यात पाणी कुठून आणता. सातबारा, फेरफार, रस्ता हे सगळं वकिलाकडून तपासून घ्या, आणि आपल्याकडे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तो नसेल तर एजंट काहीही सांगू दे, टोकन देऊ नका. आणि गायीला रोज वीसएक किलो हिरवा चारा लागतो, तो अकरा गुंठ्यांत घर आणि भाजी सांभाळून कसा निघणार ते आधी कागदावर मांडा.

मी तिला म्हटलं, एक वर्ष थांब आणि आहे तिथेच एक चक्र पूर्ण करून बघ. स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्याची माती, त्या मातीत भाजी आणि भाजीची देठं परत कचऱ्यात. एवढं वर्षभर न चुकता जमलं तर जमिनीवर पण जमेल.

कचऱ्याला रंगाची वीस लिटरची बादली पुरते. बाजूला आणि तळाला भोकं पाडायची, खाली सुका पाला, त्यावर रोजचा कचरा, त्यावर पुन्हा मूठ-दोन मूठ पाला किंवा चिपाड, आठवड्यातून एकदा थोडं आंबट ताक. वास आला म्हणजे सुकं कमी पडलंय. अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकून देतात, कृपा करून फेकू नका, कचरा त्याच खातात, फक्त सुकं वाढवा. साधारण दोन महिन्यांत खत होतं.

कुंड्यांत नुसती लाल माती भरू नका हे अगदी हात जोडून सांगते. एक घनफूट ओली माती चाळीस-पन्नास किलो भरते, स्लॅबवर अशा तीस कुंड्या म्हणजे विचार करा. मी पहिल्या वर्षी तेच केलं, जूनच्या पावसात भोकं बुजली, मुळं कुजली, सगळी टोमॅटो गेली. आता निम्म्याहून जास्त उसाची चिपाडं आणि पाला, बाकी खत आणि थोडीशीच माती, आणि प्रत्येक कुंडी विटांवर.

पाण्याचा हिशोब पण करा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरला तर ५०० चौरस फूट गच्चीवर ३० हजार लिटरच्या वर पाणी पडतं, पण बहुतेक सगळं चार महिन्यांत. उन्हाळ्यात तीस कुंड्यांना रोज ४५ लिटर लागतात, म्हणजे हजार लिटरची टाकी तीन आठवड्यात संपते. म्हणून कुंडीत वर पाल्याचं जाड आच्छादन ठेवा आणि संध्याकाळी पाणी घाला.

आता दुधी. दोन पावसाळे माझा दुधी बोटाएवढा व्हायचा आणि पिवळा पडून गळायचा. मी खतं बदलली, फवारण्या केल्या, काही नाही. मग सासवडच्या एका आजींनी वेल बघितला आणि विचारलं, फूल संध्याकाळी बघतेस का गं? दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी फूल, बारीक देठाचं ते नर. शहरात तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी पतंग फारसे फिरकत नाहीत, मग नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलावर आपणच अलगद टेकवायचे. त्या वर्षी एका वेलाला नऊ दुधी आले, मी पहिला आजींना नेऊन दिला. कारली, काकडीची फुलं मात्र सकाळची, ती मधमाश्यांवर अवलंबून, म्हणून कीटकनाशक मारू नका. मधमाश्यांबद्दल नीट शिकायचं असेल तर गणेशखिंड रोडला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं.

आमच्या चौघांच्या घरात आज पालेभाजी, मिरची, कढीपत्ता, अळू, गवती चहा, वर्षाची हळद विकत येत नाही. कांदा, बटाटा, धान्य येतं, ते गच्चीवर होणार नाही. पण गहू वर्षाचा एकदम शेतकऱ्याकडून घेऊन, कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचा, तूरडाळीला एरंडेल चोळायचं, हे आईकडून, सासूबाईंकडून आत्ताच शिकून घ्या. माझ्या आईला जे येत होतं त्यातलं अर्धं मी विचारायचं राहून गेलं.

भाचीला मी कामाला लावलंय. मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो, दुधी, दोडका, भेंडी, गवार तेव्हा पेरायची, म्हणजे खताला जेमतेम दोन महिने आहेत आणि आत्ता रसवंत्या जोरात आहेत. संध्याकाळी पोतं घेऊन जायचं, विचारलं की बहुतेक जण आनंदाने चिपाडं देतात. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायची, ओली ठेवली तर मुंग्या लागतात. तिने काल दोन पोती आणली, फोटो पाठवलाय.