कणीचा भात आणि खरवड

न्यूयॉर्कमध्ये हार्लेमला पश्चिम ११६व्या रस्त्यावर लेनॉक्स अव्हेन्यूपासून पुढे चालायला लागलं, की कानावर इंग्रजी कमी आणि वोलोफ-फ्रेंच जास्त पडायला लागतं. हाच 'लिटल सेनेगल', पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलहून आलेल्यांची वस्ती. वोलोफ ही तिकडचीच भाषा.

आदल्या दिवशी इथल्याच एका खानावळीतून उपाशी परतलो होतो. चेबूजेन मागवलं तर वाढणारा पोरगा म्हणाला, "तो दुपारचा भात. संध्याकाळी कुठून मिळणार?" म्हणून आज साडेबारालाच हजर. जेमतेम सहा टेबलं, त्यावर फुलाफुलांचं प्लॅस्टिक.

चेबूजेन म्हणजे मासे-भात. युनेस्कोने २०२१ साली त्याला वारसा यादीत घेतलं, पण इथे तो रोजचा डबा. ताट आलं नि आधी वास आला, खारवलेल्या माशाचा. आपल्याकडे सुकट भाजताना शेजारी खिडक्या लावून घेतात, त्याच जातीचा. पोटात लसूण-मिरचीचं वाटण भरलेला मासा, अख्खं गाजर, कोबीची फोड, कसावाचा कंद आणि खाली टोमॅटोत शिजून लालभडक झालेला भात. बोटांनी चाचपला आणि थबकलो. कणी!

आम्ही गोंदियाकडचे. गिरणीतून तांदूळ आला की आई चाळून कणी बाजूला काढायची. ती कोंबड्यांना, नाहीतर पीठ करायला. पाहुण्याच्या पानात कणी वाढली तर घराण्याची अब्रू गेली. सेनेगलमध्ये मात्र मुद्दाम कणीच घेतात. तिथे राज्य असताना फ्रेंचांनी इंडोचायनातून, म्हणजे आताच्या व्हिएतनामच्या बाजूने, स्वस्त तुकडा तांदूळ आणून ओतला आणि पुढे तिथल्या जिभेला तोच रुचला. रस्सा कणीत मुरतो, तसा अख्ख्या दाण्यात मुरत नाही, हे दोन घासांत पटलं. भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात थांबवली, ती बातमी मी तेव्हा नुसती चाळली होती. आपली कणी खाणारं गिऱ्हाईक कोण, हे त्या ताटावर बसल्यावर कळलं.

मी हाताने जेवतोय हे पाहून गल्ल्यावरच्या मावशी उठल्या. आत गेल्या आणि बशीत काहीतरी खरवडून घेऊन आल्या. पातेल्याच्या बुडाची, करपायच्या जरा अलीकडची कुरकुरीत खरवड. वोलोफमध्ये तिला 'खोञ' म्हणतात. आमच्याकडे तिच्यासाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. इथे फुकट, वर लिंबाची फोड. तिखटाची वाटीही ठेवली आणि बोट हलवून "थोडंच" अशी खूण केली. मी विदर्भातला, ऐकतो कशाला? मग दोन ग्लास बिसाप लागलं. बिसाप म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, पुदिना घातलेलं. साखर मात्र जरा हात सोडूनच.

निघताना "जेरेजेफ" म्हणालो, म्हणजे धन्यवाद. मावशी हसल्या, माझा उच्चार दुरुस्त केला आणि पोराकरवी विचारलं, "उद्या शेंगदाण्याच्या रश्श्यातलं मटण आहे. येणार का?"

उद्या दुपारचं विमान होतं. तरी विचारून घेतलं, किती वाजता उघडता?