उपमा, भरीत आणि मामीचा प्रश्न

शेतात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होती आणि आमच्यात 'टॉप शेफ मास्टर्स' या अमेरिकन कुकिंग स्पर्धेच्या टीव्ही शोवरून जुंपली होती. मुंबईत जन्मलेल्या शेफ फ्लॉइड कार्डोझनी २०११ साली फायनलला मशरूमचा उपमा करून मैदान मारलं. मुरलेल्या शेफने फायनलला उपमा करावा? मला विचाराल तर, हिंमत लागते!

मामी वांगी सोलता सोलता ऐकत होती. म्हणाली, "उपमा ठीक शे. पन भांडा कोन घासस?"

सगळे खो खो हसले.

पण एवढे एपिसोड पाहिले, हातात घासणी घेतलेला शेफ काही आठवेना. आमच्याकडेही भरीत ठेचणाऱ्या भाऊंचं कौतुक, पुऱ्यांची काळी कढई मामीकडे.

असा सीन कुणी पाहिलाय का? मामीला दाखवायचाय.