अल्ब्युमिनची दोन शिखरे

सिरम इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्तातली प्रथिने विजेने वेगळी करून आलेखात मांडणाऱ्या तपासणीचा, नमुना आमच्या लॅबमध्ये येतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी : एम-बँड आहे का? एम-बँड म्हणजे एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचा जादा पट्टा, आणि तो शोधायचा म्हणजे मायलोमाचा, अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाचा, संशय. या वेळचा कागदही तसाच होता. पन्नाशीचे गृहस्थ, पाठदुखी, वजन उतरलेले, हिमोग्लोबिन कमी, ईएसआर (शरीरातल्या दाहाची ढोबळ खूण) शंभराच्या आसपास. आलेखाच्या उजव्या टोकाला, गॅमा भागात, काही नव्हते. एम-बँड नाही, सही करा, पुढचा नमुना. पण आमच्या टेक्निशियनकाकांनी मला दाखवण्याआधीच तो नमुना पुन्हा मशीनवर चढवला होता. दोन्ही आलेख शेजारी ठेवून ते म्हणाले, "मॅडम, डावीकडे बघा."

डावीकडे अल्ब्युमिन असते. यकृतात तयार होणारी ५८५ अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे रक्तद्रवातल्या प्रथिनांचा निम्म्याहून मोठा वाटा. आलेखात तिचे एकच उंच, टोकदार शिखर हवे. इथे दोन होती, मध्ये स्पष्ट खाच.

आमचे मशीन कॅपिलरीचे, म्हणजे बारीक नळीत प्रथिने वेगळी करणारे. त्यावर स्कॅनसाठी टोचलेले कॉन्ट्रास्टचे औषधसुद्धा खोटे शिखर उठवते, म्हणून जुन्या पद्धतीने, जेलच्या पातळ थरावरही तपासले. जेलवर आधी फक्त रुंद, बोथट पट्टा आला. जेल भरताना नमुना दाट राहिला की अल्ब्युमिन पसरते आणि दोन पट्टे एकमेकांत बुडतात. काकांनी सिरम चांगले पातळ करून पुन्हा लावले आणि दोन रेषा सुट्या झाल्या. हे काम सॉफ्टवेअर करत नाही. ते दोन्ही शिखरांखालचे क्षेत्रफळ मिळवते आणि "अल्ब्युमिन" या एकाच रकान्यात एक आकडा छापते. बायोकेमिस्ट्रीच्या मशीनवरची रंगाची तपासणी तर दोन्ही रूपे एकत्रच मोजते. तिथे अल्ब्युमिन थोडे कमी आहे एवढेच दिसत होते.

असे अल्ब्युमिन काही घराण्यांत जन्मतः असते आणि त्याने काहीही बिघडत नाही. १९५५मध्ये त्याची पहिली नोंद झाली. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे मोठ्या मात्रेत दिली की ती अल्ब्युमिनला चिकटतात, त्याचा विद्युतभार बदलतो आणि शिखर फाटते. तिसरे कारण दुर्मिळ आहे : स्वादुपिंडाचा रस फुटून पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीत साचतो, आणि त्यातली विकरे अल्ब्युमिनच्या साखळीचे शेपूट कापतात.

वॉर्डात फोन लावला. निवासी डॉक्टर घाईत होते. "मॅडम, एम-बँड आहे की नाही तेवढं सांगा." नाही म्हटले, आणि विचारले, पेनिसिलिनची इंजेक्शने चालू आहेत का? नव्हती. छातीत पाणी? "हो, डाव्या बाजूला. दोनदा काढलंय. टीबीचं आहे, एकेटी चालू आहे." एकेटी म्हणजे टीबीची औषधे. पाण्यात जंतू सापडले होते का? नाही. पाण्याचे अमायलेस, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले विकर, तपासले होते का? तेही नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये स्वादुपिंडापुढे "गॅसमुळे दिसले नाही" असा शेरा होता, आणि तिथेच ते प्रकरण मिटले होते. आपल्या देशात छातीत पाणी दिसले की आधी टीबी आठवावा हे मला मान्य आहे. पण जंतू न सापडता सहा महिन्यांची औषधे सुरू होतात आणि त्याच पाण्यावरची एक साधी, स्वस्त तपासणी कुणी लिहीत नाही, याचा मला राग येतो.

त्या निवासी डॉक्टरांचे मात्र कौतुक. तासाभरात ते स्वतः पाण्याची बाटली घेऊन लॅबमध्ये आले. अमायलेस पाच आकडी निघाले. त्याच पाण्याचे इलेक्ट्रोफोरेसिस केले, तर त्यात बदललेल्या अल्ब्युमिनचे शिखर रक्तातल्यापेक्षा मोठे होते. मग काकांनीच सुचवले म्हणून निरोगी माणसाच्या सिरममध्ये ते पाणी थोडे मिसळून ३७ अंशांवर रात्रभर ठेवले. सकाळी त्या निरोगी अल्ब्युमिनचे शिखरही दुभंगले होते. रुग्णाच्या उपचारासाठी या प्रयोगाची गरज नव्हती. तरी आमच्या खोलीत सगळे काम सोडून स्क्रीनभोवती जमले होते, आणि जमायलाच हवे होते.

एमआरसीपीत (स्वादुपिंडाच्या आणि पित्ताच्या नळ्या दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) स्वादुपिंडापासून छातीपर्यंत गेलेली वाट दिसली. नळीत स्टेंट बसला, एकेटी थांबली, पाणी भरायचे थांबले. पाठदुखीही तिथलीच होती. त्यांच्या पत्नी नंतर भेटल्या. म्हणाल्या, "ताई, जेवलं की पाठीत कळ येते असं हे पहिल्यापासून सांगत होते." दुसरे शिखर पुढच्या नमुन्यांत बुटके होत होत गेले. अल्ब्युमिनचा अर्धायुकाल सुमारे तीन आठवडे असल्याने ते एकदम जाणार नव्हतेच.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. त्यांच्या फाइलमध्ये एकेटी सुरू होण्याच्या सुमाराचा, बाहेरच्या एका लॅबचा इलेक्ट्रोफोरेसिस रिपोर्ट होता. आकड्यांचा तक्ता, खाली "एम-बँड आढळला नाही". आलेख छापलेलाच नव्हता. मी त्या लॅबला फोन केला. मूळ नोंद पुसली गेली होती. तेव्हाही तिथे दोन शिखरे असतील, तर त्या माणसाचे ते सगळे महिने वाचले असते.

आता आमच्या प्रत्येक रिपोर्टवर आलेख छापला जातो. एक जादा पान का लागते, असे लेखा विभागाने दोनदा विचारले आहे. दोन्ही वेळा मी या रुग्णाचा आलेख नाव झाकून उत्तराला जोडला.