वॉलेट शून्य दाखवतं

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला साखळीच्या आमच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. मागे नेवऱ्या तळल्याचा आवाज येत होता. "भावजी, बोटीवरून ह्यांचा फोन होता. वॉलेट शून्य दाखवतं म्हणतात. हरवायला यात काहीच नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मे महिन्यात त्यांच्याच ओसरीवर बसून दादांच्या मोबाइलवर मी डिजिटल पैशांचं ते वॉलेट सुरू करून दिलं होतं. दादा तारवटी, क्रूझवर कामाला. पणजीत पाट्टोवर आमची छोटी कंपनी आहे. पगारातला थोडा भाग यूएसडीसीत, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्यात, ठेवणाऱ्या बोटीवरच्या लोकांसाठी आम्ही ॲप बनवतो. वापरणारे सव्वाशेच्या आसपास.

नेहमीच्या वॉलेटात 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहून जपावे लागतात, 2048 शब्दांच्या ठरावीक यादीतले. हे शब्द म्हणजे पैशांची चावीच. मोबाइल गेला आणि कागदही नसला की पैसे गेले. चार जणांच्या केबिनमध्ये माणूस तो कागद ठेवणार कुठे? म्हणून आम्ही कीलेस, म्हणजे माणसाला चावी जपावी न लागणारं वॉलेट घेतलं. त्यातही वाटा आहेत. एमपीसी नावाच्या पद्धतीत चावीचे तुकडे असतात: एक मोबाइलवर, एक सर्व्हरवर, एक राखीव. तीनपैकी दोन मिळून व्यवहारावर सही करतात, अख्खी चावी कुठेच एकत्र येत नाही. दुसरी वाट आप्टोस आणि सुई या दोन ब्लॉकचेनची (सगळ्यांना दिसणाऱ्या व्यवहारवह्यांची): आप्टोसची कीलेस खाती, सुईचं झेडकेलॉगिन. मोबाइल एक तात्पुरती चावी बनवतो, गूगलने लॉगिन करताना तिचा हॅश (तिच्यावरून काढलेला ठसा) नॉन्स नावाच्या रकान्यातून पाठवतो, आणि गूगलने टोकनवर, म्हणजे लॉगिनच्या दाखल्यावर, केलेली सही त्या चावीलाही बांधली जाते. ईमेल ब्लॉकचेनवर उघड होऊ नये म्हणून वर शून्यज्ञान पुरावा, म्हणजे माहिती न दाखवता ती खरी असल्याचं पटवणारा. आम्ही आप्टोसवर होतो. ही रचना मला आजही सुंदर वाटते. पहिलं लॉगिन दोन दिवसांत चाललं तेव्हा मी रात्री घरी जाताना गाडीत एकटाच बोलत होतो.

पण खात्याचा पत्ता कशावरून निघतो ते पाहा. टोकन कोणी दिलं, माणसाचा तिथला कायमचा क्रमांक कोणता, पेपर नावाचा एक गुप्त आकडा (सुईवर त्याला सॉल्ट म्हणतात), आणि आमच्या ॲपचा क्लायंट आयडी, म्हणजे गूगलने ॲपला दिलेली ओळख. चारांपैकी एक बदललं की पत्ता वेगळा. माणूस तोच, ईमेल तोच, खातं मात्र कोरं.

आमचा क्लायंट आयडी नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या गूगलवरच्या वैयक्तिक प्रोजेक्टमध्ये होता. हे नीटनेटकं नाही, कंपनीच्या नावावर घ्या, असा वरून आग्रह झाला. नवा प्रोजेक्ट उघडला, नवा आयडी घेतला, आधीच्या शुक्रवारी ॲपमध्ये टाकला. जुना प्रोजेक्ट बंद करायला त्या सहकाऱ्याला कळवलं. मंजुरीवर नाव माझं आहे. चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या, कारण चाचणीतलं टोकन आम्हीच बनवलेलं, त्यात आयडी कायम एकच. स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर, पत्ते पहिल्यापासून वेगळेच असायचे, त्यामुळे तिथेही कोणाला काही खटकलं नाही. क्लायंट आयडीवर पत्ता अवलंबून असतो हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे, मी ते वाचलेलंही होतं. विकणारे लोक मात्र "चावी हरवायची भीतीच नाही" एवढंच सांगतात, आणि ओसरीवर मीही तेवढंच सांगितलं.

तात्पुरत्या चावीची मुदत आम्ही सात दिवस ठेवली होती. मुदत संपेपर्यंत जुन्या पुराव्यावर सगळं सुरळीत दिसतं. संपली की लॉगिन नवं, पत्ता नवा, शिल्लक शून्य. म्हणून तक्रारी एकदम आल्या नाहीत, दिवसाला तीन-चार आल्या. सपोर्टवाल्यांनी बोटीचं नेट म्हणून सोडून दिलं, ॲप बंद करून चालू करा असं उत्तर पाठवत राहिले. सहा जणांना तेच उत्तर, शब्द न बदलता. एकाने तरी दोन तक्रारींतले पत्ते शेजारी ठेवून पाहायला हवे होते.

मी दादांचा पत्ता जुन्या नोंदीशी ताडून पाहिला. पैसे जुन्या पत्त्यावर जसेच्या तसे होते, चारशे बारा डॉलर, सगळ्यांना उघड दिसतील असे. हलवायला मात्र जुन्या क्लायंट आयडीचं टोकन हवं, आणि तो प्रोजेक्ट बंद होऊन सहा दिवस झालेले. सहकारी काणकोणात, गावच्या घरी माटोळी बांधायला गेलेला, फोन लागत नव्हता. अकरापासून मी दर दहा मिनिटांनी लावत होतो. चार वाजून वीस मिनिटांनी त्याने उचलला. मी धाप लागल्यासारखा बोलत सुटलो. तो शांतपणे म्हणाला, "अरे, 30 दिवस तो उठवता येतो. नेट मिळतं तिथे जातो, थांब." साडेपाचला जुना आयडी परत चालू झाला. मी ॲप पुन्हा जुन्या आयडीवर नेलं.

एवढ्यावर संपलं नाही. मधल्या आठवड्यात दोघांनी कोऱ्या खात्यावर पैसे मागवले होते. आता ते तिथे अडकले. त्यांच्यासाठी नव्या आयडीचं वेगळं पान रात्री बसून केलं: लॉगिन करा, सगळी रक्कम जुन्या पत्त्यावर पाठवा, शुल्क आमच्या खात्यातून. दीड वाजता दुसऱ्याचेही पोचले.

चतुर्थीला आरतीला वहिनींकडे गेलो. त्यांनी नेवऱ्यांचं ताट पुढे केलं आणि विचारलं, "म्हणजे चावी तुमच्याकडेच होती?" चावी नव्हे, पत्ता ज्यातून निघतो त्यातला एक आकडा, असं मी म्हणालो. "मग तो आकडा गेला असता तर?" पैसे दिसत राहिले असते, हात लावता आला नसता, असं खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही प्रत्येक खात्याला दुसरी चावी जोडायची सोय केली. मोबाइलची पासकी (बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी चावी), दोनपैकी कोणतीही एक चालते, गूगल आणि आम्ही दोघंही नसलो तरी. दादांनी पुढच्या बंदरात उतरल्यावर आधी तेच केलं. अजून अकरा जणांनी केलेलं नाही. त्यांची यादी रोज सकाळी मी स्वतः उघडतो आणि एकेकाला निरोप पाठवतो.