ल मॉर्न, मॉरिशस: कातळटप्पा, लूट आणि वाटाड्याने गाळलेला कायदा

ल मॉर्नच्या डोंगरावर वाटाड्याशिवाय सोडतच नाहीत, असं आम्हाला ठासून सांगितलं आणि माणशी भरमसाट पैसे उकळले. साफ खोटं. प्रवेशद्वारावर नाव लिहायचं आणि चालू पडायचं, प्रवेश फुकट. दार उघडताच निघा, उशिरा कातळ तापतो.

निम्मी वाट गाडीरस्त्यासारखी रुंद, सोडून द्या. त्यानंतरचा चढ मात्र वाईट आहे. सुटी माती, वर उभा कातळ, हाताने पकड शोधत जायचं. सह्याद्रीत कातळटप्पे केलेल्यांना चढताना अडणार नाही, पण उतरताना माझ्या पोटऱ्या लटपटत होत्या. घासलेल्या तळव्यांचे बूट नकोत. पाऊस पडून गेला असेल तर सरळ परत फिरा. डोंगर 556 मीटरचा, वाट मात्र माथ्याच्या अलीकडे उभ्या क्रॉसपाशी संपते. त्यापुढे घुसू नका.

आता माझा खरा राग. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामी संपल्याची बातमी घेऊन शिपाई आले, वर लपलेल्या गुलामांना वाटलं पकडायलाच आले, म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, ही दंतकथा वाटाड्याने सांगितली. वर म्हणाला, "गैरसमज झाला बिचाऱ्यांचा." आणि गप्प बसला.

ते लोक कशाला भीत होते, हे कोण सांगणार? 1723 चा फ्रेंच कायदा असा: महिनाभर फरार राहिलेल्या गुलामाचे पहिल्या वेळी कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्या वेळी गुडघ्यामागची शीर तोडायची, तिसऱ्या वेळी मृत्युदंड. मालकाला मारून रक्त काढलं तरी मृत्युदंडच. 1810 मध्ये इंग्रज आले, म्हणून फार काही पालटलं नाही. 1822 मध्ये राजधानी पोर्ट लुईच्या प्लेन व्हर्ट भागात मादागास्करहून हद्दपार करून आणलेल्या रात्सितातानचा शिरच्छेद झाला, आरोप गुलामांचं बंड उभारल्याचा. आणि गुलामी संपली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे 21 लाख पौंड. सुटलेल्यांना एक पैसा नाही, उलट आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे सक्तीची 'उमेदवारी', म्हणजे शिकाऊ कामगार म्हणवून राबणं.

हे माहीत असेल तर तो कातळ चढताना पाय वेगळे पडतात.

पायथ्याच्या गुलाम-मार्ग स्मारकासाठी चढाईआधी वेळ ठेवा, नंतर अंगात त्राण उरत नाही. आपली माणसं पोर्ट लुईत आप्रवासी घाट पाहतात, मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांची आठवण म्हणून. शेजारीच जुन्या लष्करी रुग्णालयात गुलामगिरीचं संग्रहालय आहे, तेही त्याच फेरीत उरकता येतं. वाटाड्याचे वाचलेले पैसे तिथे खर्च करा.