एवढं धूड घरात कशाला?

शेरू हा माझा थोराड कुत्रा. त्याला आणला तेव्हा जो तो हेच विचारायचा. मीही दोन वर्षं त्याला अंगणातच ठेवलं. मग एक दिवस त्याच्या कोपरावर हात फिरवला. केस गेलेले, कातडी खरखरीत, जाड, आणि खाली पाणी भरल्यासारखी मऊ गाठ. ३५ किलोचं वजन रोज कडक फरशीवर टेकलं की हाडावरच्या कातडीचं असंच होतं. माझ्या पोटात कालवलं.

त्यात उन्हाळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो अंग थंड करतो. देह जितका मोठा, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जिवावर बेततं.

दाट केसांच्या जातींना थंडी सोसते, हे खरं. पण सोसणं वेगळं, एकटं पडणं वेगळं. अंगण धावायला हवंच, आणि घरात ठेवलं म्हणून रोजचं फिरवणं चुकवायचं नाही.

आता तो माझ्या पलंगाशेजारी जाड गादीवर झोपतो. रात्री हात खाली सोडला की ओलं नाक लागतं. गाठ ओसरलीय, केस मात्र अजून आलेले नाहीत.