साडेबाराची मंडळी

बरेच महिने इथे काही टाकलं नाही, त्याला कारण आमच्या चर्चचं किचन. खरंच. किचनवरून जे रामायण झालं त्यात माझे दोन-तीन महिने गेले.

आमचं चर्च मेलबर्नच्या पश्चिमेला, अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. आम्ही नाशिकचे, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, त्याचं नातं अँग्लिकनांशी), त्यामुळे इथे आल्यावर जवळचं अँग्लिकन चर्च शोधलं आणि तिथलेच झालो. सकाळी दहाला इंग्लिश उपासना असते, साठेक माणसं, निम्मी सत्तरीच्या पुढची. आणि साडेबाराला डिंका उपासना, म्हणजे दक्षिण सुदानच्या लोकांची, त्यांच्या भाषेत. साडेबारा म्हणजे एक धरायचा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण दहावाल्यांचा चहा पाऊण वाजेपर्यंत चालतो आणि तोवर ढोल आत आलेला असतो, तिथे ठिणगी पडते.

तक्रारी काय, तर ढोल फार मोठा. मुलं कार्पेटवर ज्यूस सांडतात. फ्रीजमध्ये दुधाशेजारी ही मोठाली पातेली. उपासना तीन तास, मग हॉल कोण झाडणार. मी तेव्हा पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीची सेक्रेटरी, त्यामुळे अकरा मुद्द्यांची यादी मीच टाईप केली, अगदी नंबर टाकून. वर एक वाक्य होतं, "आपण त्यांना वापरायला दिलेली जागा" असं काहीतरी, तेही मी जसंच्या तसं टाईप केलं आणि काही खटकलंसुद्धा नाही. खरं तर मी स्वतःच या चर्चमध्ये सहा वर्षांपूर्वी आलेली, आणि त्यांच्यातली काही कुटुंबं 2004 पासूनची.

आता थोडं माझ्याच तोंडाला काळं फासते. 2018 च्या जानेवारीत इथल्या पीटर डटन नावाच्या मंत्र्यानं जाहीर म्हटलं होतं की मेलबर्नचे लोक आफ्रिकन गँग्सच्या भीतीनं रात्री रेस्टॉरंटला जायला घाबरतात. झालं, आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड्सचा पूर, गाडी लॉक करा, पोरींना एकटं सोडू नका. मी पण एक पुढे ढकलला. ट्रेनमध्ये दोन उंच काळी पोरं चढली की माझी पर्स मांडीवर यायची. आणि आमच्याच घरात माझा नवरा 2009 मध्ये, भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा, फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर रस्त्यावर बसलेल्या गर्दीत होता! तेव्हा आम्हाला वाटायचं की इथले लोक आम्हाला एकाच पिशवीत का घालतात. नऊ वर्षांत पिशवी आमच्या हातात आली.

असो. यादी घेऊन त्यांच्याशी बोलायला मलाच पाठवलं, का तर "तू पण ब्राउन आहेस, तुला जमेल". (हे वाक्य अजून डोक्यात आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) बोलायला ज्या बाई आल्या त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्यात मोठ्या बाईला मामा म्हणायची पद्धत, आणि माझ्या मुलीला हसू आवरेना कारण तिच्यासाठी मामा म्हणजे नाशिकचा, मिशीवाला. या मामा दक्षिण सुदानातल्या बोरच्या. 1991 मध्ये बोरवर हल्ला झाला, गुरं गेली, माणसं गेली, तेव्हा ही मुलाला पाठीशी बांधून चालत निघाली. पुढे केनियातला काकुमाचा कॅम्प, जो 1992 मध्ये सुरू झाला, तिथे बारा वर्षं. मग व्हिसा, विमान, आणि थेट मेलबर्नचा जुलै. थंडी म्हणजे काय ते विमानाचं दार उघडल्यावर कळलं म्हणे.

मी यादी काढली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, "पातेल्यात काय असतं माहितीये?" मी म्हणलं नाही. म्हणाल्या, चल.

किचनमध्ये त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि मला एकदम आजीच्या घरचा वास आला. आंबवलेलं ज्वारीचं पीठ! त्याची ते किसरा करतात, आपल्या घावनासारखी पण कागदासारखी पातळ. तव्याला जरासं तेल पुसायचं, पीठ ओतायचं आणि एका लवचिक पट्टीनं सर्रकन एका हातानं पसरायचं, अर्ध्या मिनिटात कडा सुटतात. मी करून बघितली तर मधे भोक आणि कडेला गोळा. मग मीही इरेला पेटले, कोरडं पीठ मागितलं, गरम पाण्यात मळलं आणि भाकरी थापली. मामा बघतच राहिल्या, हातानं एवढी गोल कशी होते. तव्यावर फुगली तेव्हा टाळ्या पडल्या. त्या दिवशी यादी तशीच राहिली, तिच्यावर पिठाचे हात उमटले होते.

तर काय, एकाच धान्याचे आम्ही दोघं. पण लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. भाकरीनं ढोलाचा आवाज कमी होत नाही.

ढोलाबद्दल सांगायचं तर मला घरचाच एक किस्सा आठवला. माझे आजोबा चर्चमध्ये टाळ घेऊन भजनाला बसायचे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांनी आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी अभंग लिहिले, भजन-कीर्तन आणलं, आणि तरी आजोबांच्या काळातसुद्धा नाक मुरडणारी मंडळी होतीच, की ऑर्गन असताना हे काय देवळासारखं. त्या आजोबांची नात ऑस्ट्रेलियात बसून टाईप करते, मुद्दा क्रमांक एक, ढोल.

आणि त्यांची गाणी काय आहेत ते मला नंतर कळलं. बरीचशी युद्धाच्या वर्षांत रचलेली, 1983 ते 2005 हे सुदानचं दुसरं यादवी युद्ध चाललं त्या काळातली, बायकांनी आणि पोरांनी रचलेली. पुस्तकं कुठून आणणार, म्हणून पाठ. कॅम्पात एकीनं दुसरीला शिकवलेली. ढोल त्यात वाद्य कमी आणि पाठांतराची दोरी जास्त, ढोल थांबला की पुढचं कडवं सापडत नाही, असं मामाच म्हणाल्या. बायबलमध्ये यशयाच्या अठराव्या अध्यायात कूशच्या नद्यांपलीकडच्या उंच, तुळतुळीत कांतीच्या लोकांचा उल्लेख आहे ना, ते आम्हीच असं ते मानतात आणि त्यावर प्रवचनं होतात. मी लहानपणापासून मराठी बायबल वाचतेय, कूश म्हणजे नकाशात कुठेतरी खाली असं समजून पान उलटत आले.

गेल्या जुलैत त्यांच्यातल्या एकीचा भाऊ तिकडे जुबामध्ये, दक्षिण सुदानच्या राजधानीत, वारला. मी आपली आपल्या पद्धतीनं डबा घेऊन गेले, पंधरा मिनिटं बसू, दोन शब्द बोलू, निघू. आत हॉलभर गाद्या टाकलेल्या, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पुरुष बाहेर गॅरेजमध्ये. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. चहा आला, इतका गोड की चमचा उभा राहील. मग कोणीतरी गाणं उचललं. त्यांच्या बायकांच्या हातात लाकडी क्रूस असतात, हातभर लांब, काहींना रंगीत कापड गुंडाळलेलं, गाताना ते तालावर वर जातात. माझ्या शेजारणीनं तिचा क्रूस माझ्या हातात दिला. तुम्हाला वाटेल काय तो क्षण, पण तिला बाळाचा डायपर बदलायचा होता. ती उठून गेली आणि मी तो घेऊन बसले, सगळ्यांचे वर जात होते तेव्हा माझा खाली आणि खाली यायचे तेव्हा माझा वर. समोरची एक म्हातारी नुसत्या डोळ्यांनी मला ताल देत होती. घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. असे सलग किती दिवस तो हॉल भरत होता. आमच्याकडे मागच्या वर्षी सासरे गेले तेव्हा इथे फुलांचे तीन बुके आणि कार्डं आली होती, बाकी आम्ही दोघंच सोफ्यावर.

सगळंच पटतं असं नाही. लग्नाच्या गाई हा आमचा ठरलेला वाद. त्यांच्यात मुलाकडचे मुलीच्या घरच्यांना गुरं देतात, इथे राहूनसुद्धा बोलणी गाईंच्या आकड्यातच होतात, आणि त्यापायी तरुण पोरं डबल शिफ्ट करतात. मी म्हणलं हे काही बरं नाही. तर मामा म्हणाल्या, तुमच्याकडे काय करतात? मी सांगितलं हुंडा, 1961 पासून कायद्यानं बंद आहे पण देतात. किती वेळ त्यांना समजेचना. मुलगी पण द्यायची आणि वर पैसे पण? सगळं किचन हसलं. मला त्यावर बोलायला काही उरलं नाही.

गुरांवरून आठवलं, त्यांच्यात मुलग्यांना बैलाच्या रंगावरून नावं ठेवतात. माबिओर म्हणजे पांढरा, मालुआल म्हणजे तांबूस, माचार म्हणजे काळा. त्यांच्या मोठ्या नेत्याचं पूर्ण नावच जॉन गरांग दे माबिओर. मी म्हणलं आमच्याकडे उलटं, बैलांनाच ढवळ्या-पवळ्या अशी नावं, आणि वर्षातून एक दिवस त्यांना पुरणपोळी. पोळ्याचे फोटो दाखवले तर कपाळावर आडव्या रेघा असलेले एक आजोबा कितीतरी वेळ फोन हातात धरून शिंगांचे रंग झूम करून बघत होते.

याच आजोबांना मी शरणपूरची गोष्ट सांगितली. आमच्या नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात पण ते गाव 1854 चं, मिशनऱ्यांनी वसवलेलं ख्रिस्ती गाव, आणि तिथे आफ्रिकन मुलं राहायची. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी, इंग्रजांच्या नौदलानं सोडवून मुंबईला आणलेली. सुतारकाम, लोहारकाम शिकायची, बाप्तिस्मा घ्यायची. त्यातला जेकब वेनराईट, 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा मिशनरी प्रवासी आफ्रिकेच्या आत वारला तेव्हा तिथे झाडाखाली त्यानंच प्रार्थना वाचली, झाडावर अक्षरं कोरली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीसोबत होता. नाशिकला शिकलेला मुलगा! पुढे यातले बरेच जण मोंबासाजवळ फ्रीअरटाऊनला गेले. त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन तर 1935 पर्यंत तिथे होता.

मला वाटलं आजोबा म्हणतील, बघा, म्हणजे आपण जुने नातेवाईक. ते म्हणाले, "ते आमचे नव्हते, ते खाली दक्षिणेकडचे, याओ जमातीचे वगैरे." मी वरमले. पुन्हा तीच एक पिशवी. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या गावाच्या नावाचा अर्थ काय?" मी सांगितलं, आसरा मागायला यायचं गाव. ते म्हणाले, "चांगलं नाव आहे. त्या पोरांना परत जाताना वाईट वाटलं असेल का?" हे मी आजवर कधी मनात आणलं नव्हतं. शाळेत, चर्चमध्ये गोष्ट नेहमी आपण त्यांना कसं ठेवून घेतलं इथपर्यंतच यायची.

यादीचं पुढे काय झालं तर कौन्सिलवर आता त्यांचे दोघं आहेत आणि यादी आठ मुद्द्यांची झालीय, त्यातले तीन दहावाल्यांच्या विरोधात आहेत (चहाचे कप तसेच सिंकमध्ये, हा पहिला). किचनची चावी मामांकडे. पन्नासाव्या दिवसाची (ईस्टरनंतरचा पेंटेकॉस्टचा सण) उपासना एकत्र केली, दोन तास चाळीस मिनिटं चालली, प्रभुभोजनाच्या आधीच काही जण उठून गेले आणि दोन कुटुंबं तेव्हापासून दुसऱ्या चर्चला जातात. त्याचं वाईट वाटतं, पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, जास्तच. उलट ढोलाची सगळ्यात पहिली तक्रार ज्या आजींनी केली होती, वय 84, एका कानानं ऐकू येत नाही, त्या आता मुद्दाम ढोलाशेजारी बसतात. म्हणतात इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाणं कुठे चाललंय ते कळतंय.

नाताळला पुन्हा एकत्र करायचंय, त्यावरून भांडणं चालू झालीत. मला या आठवड्यात इंडियन ग्रोसरीतून पाच किलो ज्वारीचं पीठ आणायचंय, मामांचा मेसेज आलाय, मागचं फार बारीक होतं, जाडसर बघ.